सत्तरच्या दशकातले आपत्तीपट घरी कसे ऐकायचे: संगीत, शांतता आणि सेन्सराउंडचा गडगडाट

मुद्दाम "ऐकायचे" म्हणतोय. बघायला काय, कुठल्याही स्क्रीनवर बघता येतात, पण भूकंप, बुडणारं जहाज, पेटलेली इमारत असले सिनेमे अर्धे कानाने आणि अर्धे छातीने बघायचे असतात आणि तिथेच बहुतेकांचं गणित चुकतं. माझंही कित्येक वर्षं चुकत होतं. सबवूफर (खोल, जाड आवाजाचा वेगळा स्पीकर) घेतला, नॉब उजवीकडे पिळला, सिनेमा लावला आणि दोन तास सगळंच घुमतंय, माणूस बोलला तरी घुमतंय, दार लागलं तरी घुमतंय, आणि मग ज्याच्यासाठी एवढं केलं तो भूकंप आला तर त्याचं काहीच वाटेना, कारण खोली आधीपासून हलतच होती.

नंतर एकदा 'अर्थक्वेक' (1974) नीट लक्ष देऊन ऐकला आणि डोक्यात उजेड पडला. संगीत जॉन विल्यम्सचं. पण लॉस एंजेलिस प्रत्यक्ष कोसळायला लागतं तेव्हा संगीत नाहीच! त्याआधी शहराची थीम आहे, प्रेमाची थीम आहे, मोटरसायकलवाल्या स्टंटमनसाठी मस्त फंकी तुकडा आहे, आणि मोठा धक्का सुरू झाला की ऑर्केस्ट्रा गप्प. तिथून पुढे काही मिनिटं फक्त काच, काँक्रीट, किंकाळ्या आणि खालून येणारा गडगडाट. म्हणजे संगीताचं काम माणसांची ओळख करून द्यायचं आणि आपत्तीचं काम आवाजाचं, अशी सरळ वाटणी. घरची सिस्टीम लावतानाही हीच वाटणी पाळायची. खालचा, म्हणजे खोल सुरांचा, आवाज वेळ येईपर्यंत गप्प बसला पाहिजे, आणि खाली जे काही सेटिंग सांगतोय ते सगळं त्याला गप्प बसवण्यासाठीच आहे.

आधी सेन्सराउंड म्हणजे काय ते

थोडा इतिहास लागेलच, नाहीतर सेटिंग का करतोय ते कळणार नाही. सेन्सराउंड ही युनिव्हर्सल स्टुडिओची सिस्टीम, नोव्हेंबर 1974 मध्ये 'अर्थक्वेक'बरोबर आली. थिएटरात सर्विन-वेगा कंपनीचे अवाढव्य हॉर्न लावायचे, काही पडद्याखाली, काही मागे, त्यासाठी कुठे कुठे खुर्च्यांच्या रांगा काढाव्या लागायच्या. आवाज साधारण 17 ते 120 हर्ट्झच्या पट्ट्यातला (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आकडा लहान तितका आवाज खोल), पातळी 110 ते 120 डीबीपर्यंत (डीबी म्हणजे डेसिबल, आवाज किती मोठा त्याचं माप). 20 हर्ट्झच्या खाली कानाला सूर असा कळतच नाही, तिथे पोट आणि छाती ऐकतात.

आता गंमत ऐका. पहिल्या सिनेमात तो गडगडाट फिल्मवर रेकॉर्ड केलेलाच नव्हता. तेव्हाच्या 35 मिमी ऑप्टिकल ट्रॅकवर (फिल्मच्या कडेला छापलेली आवाजाची पट्टी) एवढा खालचा आवाज एवढ्या जोरात मावणं शक्य नव्हतं. म्हणून फिल्मवर फक्त प्रेक्षकाला न जाणवणारे कंट्रोल टोन ठेवले, ते आले की थिएटरातलं एक यंत्र स्वतःच खालच्या पट्टीतला बेशिस्त नॉइज तयार करायचं आणि हॉर्नमध्ये सोडायचं. टोन गेले की हॉर्न बंद. पूर्ण बंद! अख्ख्या सिनेमात तो राक्षस बहुतेक वेळ झोपलेला असायचा, आणि म्हणूनच उठला की लोक खुर्ची धरायचे. हॉलिवूडच्या ग्रॉमन्स चायनीज थिएटरमध्ये तर छताचे तुकडे प्रेक्षकांच्या डोक्यात पडू नयेत म्हणून वर जाळी बांधली होती.

सिस्टीम फार टिकली नाही. 'मिडवे' (1976), 'रोलरकोस्टर' (1977), 'बॅटलस्टार गॅलक्टिका' (1978) एवढेच मोठे सिनेमे. हॉर्न जागा खायचे, आणि एकाच इमारतीत दोन-तीन पडदे असले की शेजारच्या पडद्यावर कुणी हळू आवाजात रडत असायचं आणि भिंतीतून भूकंप यायचा. त्यात 1977 पासून 70 मिमी प्रिंटवरच्या सहा मॅग्नेटिक ट्रॅकपैकी दोन खालच्या आवाजाला देण्याची पद्धत आली, तिला लोक 'बेबी बूम' म्हणायचे. आज 5.1 मधला (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) जो .1 आहे, म्हणजे फक्त खालच्या आवाजाचा एलएफई चॅनल, तो त्याच घराण्यातला.

कुठला ऑडिओ ट्रॅक निवडायचा

हे सगळ्यात आधी बघा, बाकी सेटिंग नंतर. जुन्या आपत्तीपटांच्या डिस्कवर बऱ्याचदा दोन-तीन ऑडिओ पर्याय असतात: मूळ मोनो किंवा स्टिरिओ, नंतर केलेला 5.1 रीमिक्स, आणि 'अर्थक्वेक'सारख्याच्या काही डिस्कवर 'सेन्सराउंड' नावाने वेगळा ट्रॅक. तो असेल तर डोळे झाकून तोच घ्या. त्यात मुख्य आवाज पुढे आणि गडगडाट वेगळा एलएफईमध्ये असतो, म्हणजे मूळ विचाराच्या सगळ्यात जवळ. तो नसेल तर मूळ ट्रॅक घ्या, 5.1 रीमिक्स शेवटी. रीमिक्स वाईटच असतात असं नाही, पण काहींमध्ये नंतरचे साउंड इफेक्ट चिकटवलेले असतात आणि ते लगेच कळतात, चित्र 1972 चं आणि स्फोट कालचा.

मूळ मोनो ट्रॅक ऐकताना लोक हमखास म्हणतात की आवाज कर्कश आहे, डबा वाटतो. त्याला कारण आहे. 1938 मध्ये ठरलेली 'ॲकॅडमी कर्व्ह' नावाची एक पद्धत होती, थिएटरची सिस्टीम वरच्या फ्रिक्वेन्सी मुद्दाम खाली पाडायची जेणेकरून ऑप्टिकल ट्रॅकची खरखर लपेल. मिक्सिंग करणारे लोक ते गृहीत धरून आवाज जास्त धारदार ठेवायचे. आपली आजची सिस्टीम असं काही खाली पाडत नाही, त्यामुळे ती धार सरळ कानात घुसते. फिल्मवरून डिस्कवर उतरवताना हे सावरलं नसेल तर ट्रेबल (वरचे, धारदार सूर) तीन-चार डीबी उतरवा, लगेच संवाद माणसासारखे वाटायला लागतात. मोनो ट्रॅक सेंटर स्पीकरमधून आला तर उत्तम, त्यासाठी रिसीव्हरवर (सगळे स्पीकर चालवणारं मुख्य यंत्र) डॉल्बी सराउंड किंवा जुना प्रो लॉजिक मोड लावला की दोन्ही चॅनलमध्ये सारखं असलेलं सगळं आपोआप मध्यभागी जातं. नुसत्या स्टिरिओ मोडवर तुम्ही बरोबर मधोमध बसलात तरच ठीक, सोफ्याच्या कडेला बसलेल्याला सगळे जण एकाच बाजूने बोलताना ऐकू येतात.

अजून एक. रिसीव्हरमध्ये किंवा टीव्हीत 'नाइट मोड', 'डायनॅमिक रेंज कंट्रोल', 'लाउडनेस', 'व्हॉल्यूम लेव्हलर' अशी नावं दिसली की सगळी बंद करा. हळू आवाज मोठा करायचा आणि मोठा हळू करायचा हे त्यांचं काम, म्हणजे आपल्याला जे पाहिजे त्याच्या अगदी उलट.

सबवूफर: कुठे ठेवायचा, किती वाजवायचा

इथे जरा वेळ काढा. नवीन सबवूफर घेण्याआधी आहे तो हलवून बघा, फुकटात जेवढा फरक पडतो तेवढा पैसे देऊन पडत नाही, शप्पथ.

खालच्या आवाजाच्या लाटा प्रचंड लांब असतात. 17 हर्ट्झची लाट सुमारे 20 मीटर लांब, 34 हर्ट्झची 10 मीटर. एवढी लाट घरातल्या खोलीत मावत नाही, मग ती भिंतींवर आपटून स्वतःशीच भांडते, कुठे दुप्पट होते, कुठे नाहीशी. हिशोब सोपा आहे, 343 ला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा. 5 मीटर लांबीला साधारण 34 हर्ट्झ, 4 मीटरला 43, 3 मीटरला 57. या फ्रिक्वेन्सी तुमच्या खोलीत भिंतीपाशी ढोलासारख्या घुमणार आणि बरोबर मध्यावर गायब होणार. म्हणून खुर्ची खोलीच्या अगदी मध्यावर नको आणि मागच्या भिंतीला चिकटूनही नको, लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर कुठेतरी बसवा.

मग ती प्रसिद्ध रांगण्याची युक्ती. सबवूफर उचलून तुमच्या बसायच्या जागी ठेवा, हो, सोफ्यावरच, किंवा सोफा सरकवून तिथे. 30 ते 60 हर्ट्झचा हळूहळू चढणारा टोन लावा आणि स्वतः भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यावर रांगत फिरा, डोकं सबवूफरच्या उंचीला. जिथे आवाज सगळ्यात सपाट ऐकू येईल, कुठला सूर उडी मारत नाही की बुडत नाही, ती सबवूफरची जागा. घरातले हसतात, हसू द्या. माझ्याकडे ती जागा कोपऱ्यापासून हातभर अलीकडे निघाली, आणि मी तो दोन वर्षं बरोबर कोपऱ्यात कोंबून ठेवला होता कारण तिथे "जास्त" वाजायचा. जास्त वाजायचा खरा, पण एकच सूर. भूकंप असो की जहाज, सगळ्याचा एकच "हूंऽऽ".

क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, 80 हर्ट्झ ठेवा, पुढचे स्पीकर मोठे असले तरी रिसीव्हरमध्ये 'स्मॉल' करा. सबवूफरच्या स्वतःच्या अंगावर क्रॉसओव्हरचा नॉब असेल तर तो पूर्ण वर किंवा 'एलएफई'वर, नाहीतर दोन-दोन फिल्टर एकावर एक बसतात. फेजच्या नॉबसाठी (सबवूफरच्या आणि बाकी स्पीकरच्या लाटा जुळवणारा) 80 हर्ट्झचा टोन लावून कुणाला तरी नॉब फिरवायला सांगा आणि तुम्ही खुर्चीत बसा, जिथे आवाज सगळ्यात भरीव होईल तिथे सोडा.

लेव्हल: रिसीव्हरचा टेस्ट नॉइज लावून साउंड लेव्हल मीटर 'सी-वेटिंग' आणि 'स्लो' या सेटिंगवर ठेवा, प्रत्येक स्पीकर 75 डीबी, सबवूफरही 75. सिनेमा थिएटरात एलएफई चॅनल बाकीच्यांपेक्षा 10 डीबी वर वाजतो, पण तो फरक रिसीव्हर आतच धरतो, आपण वेगळे 10 घालायचे नाहीत. फोनवरच्या ॲपवर मात्र विसंबू नका, फोनच्या माइकला एवढं खालचं नीट ऐकूच येत नाही, त्यामुळे ॲप म्हणतं आवाज कमी आहे, तुम्ही वाढवता, ते परत म्हणतं कमी आहे... मग खिडक्या सांगतात खरं काय ते. एकदा 75 ला लागलं की सबवूफरला हात लावायचा नाही. फार तर 2-3 डीबी, बस.

आणि पोर्टवाला सबवूफर असेल, म्हणजे खोक्याला भोक असलेला, तर त्याच्या ट्यूनिंगच्या (ज्या फ्रिक्वेन्सीला ते भोक जुळवलेलं असतं तिच्या) खाली त्याच्याकडून काही मागू नका. तिथे आवाज झपाट्याने पडतो आणि कोन (स्पीकरचा पुढचा हलणारा पडदा) मात्र जिवाच्या आकांताने हलत राहतो. बंद खोक्यावाला हळूहळू पडतो, एकदम हात टेकत नाही. सेन्सराउंडचा 17 हर्ट्झ तुमच्या छोट्या सबवूफरमधून निघणार नाही, आणि नाही निघाला तर फार बिघडत नाही, 25 ते 50 च्या मधला पट्टा स्वच्छ असला तरी खोली अंगावर येते.

आता खोलीतला खडखडाट शोधायचा. 20 ते 120 हर्ट्झचा हळू स्वीप, म्हणजे चढत जाणारा टोन, बऱ्यापैकी आवाजात लावून खोलीभर फिरा. भिंतीवरची फ्रेम, कपाटाचं दार, खिडकीची काच, दिव्याचं झाकण, पंख्याचा कप, काहीतरी बोलणारच. फ्रेमच्या मागे फेल्टचे तुकडे, दाराला रबरी टिकली, काचेला खाचेत पट्टी. ग्रॉमन्सवाल्यांनी जाळी बांधली, आपण फेल्ट लावतो. हे केल्यावर लोकांना वाटतं बास कमी झाला, पण कमी झाला तो खडखडाट.

सेन्सराउंड ट्रॅक नसेल तर स्वतःचा गडगडाट

हा भाग हौशी लोकांसाठी, वगळलात तरी चालेल. पण मला यातच सगळ्यात मजा आली म्हणून लांबण लावतोय.

ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या. 'जनरेट' मेनूतून नॉइज, प्रकार ब्राउनियन, दीड मिनिट. त्यावर लो-पास फिल्टर (वरचं कापणारा) 100 हर्ट्झला, उतार 24 डीबी, आणि हाय-पास (खालचं कापणारा) 20 हर्ट्झला, हा दुसरा फिल्टर विसरू नका, ब्राउन नॉइजमध्ये अगदी तळाशी भरपूर माल असतो आणि तो ऐकू न येता सबवूफर मारतो. आता हे ऐकलंत तर भूकंप वाटणार नाही, लांबचा धबधबा वाटेल, कारण एकसारखं आहे. भूकंप एकसारखा नसतो. म्हणून तोच नॉइज दोन ट्रॅकवर करा, एक 20 ते 40 चा, दुसरा 40 ते 100 चा, आणि एन्व्हलप टूलने दोघांचा आवाज हाताने वरखाली करा, खालचा संथ, वरचा धसमुसळा, दोघांचे चढ एकाच वेळी येऊ देऊ नका. सुरुवात एका सेकंदात चढवा, शेवट मात्र लांब सोडा, दहा-पंधरा सेकंद, मध्ये एकदा संपल्यासारखं वाटून परत हलकासा उसळू द्या. शेवटी पीक (आवाजाचं सगळ्यात उंच टोक) उणे 12 डीबीवर आणून ठेवा आणि वेव्ह फाइल करा.

वाजवायचं असं, बऱ्याच सबवूफरला लेफ्ट आणि राइट असे दोन लाइन इनपुट असतात आणि आत ते एकत्र होतात (मॅन्युअलमध्ये खात्री करा), एकात रिसीव्हर, दुसऱ्यात लॅपटॉप. सिनेमा चालू, तुम्ही लॅपटॉपवर बोट ठेवून बसलेले, धक्का सुरू झाला की प्ले, थांबला की स्टॉप. म्हणजे तो कंट्रोल टोन तुम्हीच! पहिल्यांदा दोन सेकंद उशीर होतो, तिसऱ्यांदा हात बसतो.

दोन गोष्टी कडक पाळा. पहिली, नॉइज सलग वाजवून ठेवू नका, संगीतात ठोक्यांच्या मध्ये सबवूफरच्या कॉइलला (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) दम खायला वेळ मिळतो तसा इथे मिळत नाही, कॉइल तापते. मी एकदा "बघू किती वेळ टिकतो" म्हणून पाच मिनिटं सोडला तर खोलीत जळका वास आला, सबवूफर वाचला पण सर्किट बदलावं लागलं. दुसरी, आवाज. सेन्सराउंडचे 110-120 डीबी ही थिएटरची गोष्ट, बंद लहान खोलीत त्याच्या मागे लागू नका. क्षणभराचे 95-100 भरपूर होतात. कान दुखले, बधिर वाटले, किंवा नंतर शिट्टी ऐकू आली तर फार झालं म्हणायचं. लहान मुलं आणि पाळीव प्राणी खोलीबाहेर.

वरखाली लोक राहतात म्हणून सबवूफर वाजवताच येत नसेल तर बेस शेकर बघा. चकतीसारखं यंत्र असतं, आवाज जवळजवळ करत नाही, नुसतं हलतं. सोफ्याच्या लाकडी चौकटीला घट्ट स्क्रू करायचं, सोफ्याच्या पायांखाली जाड रबर म्हणजे हादरे फरशीत उतरत नाहीत, वेगळा छोटा ॲम्प्लिफायर, आणि लो-पास 40-50 हर्ट्झला, नाहीतर पुरुषांच्या संवादालाही सोफा गुदगुल्या करतो. सेन्सराउंडचा उद्देशच मुळी जाणवणं हा होता, त्यामुळे याला मी लबाडी मानत नाही. लेव्हल एवढीच ठेवा की आहे असं लक्षात येऊ नये आणि बंद केल्यावर काहीतरी गेलं असं वाटावं.

आता संगीत, आणि कुठला अल्बम

आपत्तीपटांचा सिलसिला धरायचा तर 'एअरपोर्ट' (1970) पासून धरा. आल्फ्रेड न्यूमनचं हे शेवटचं काम, सिनेमा लागला तेव्हा ते नुकतेच गेले होते. जुन्या हॉलिवूडच्या थाटाचा माणूस आणि तरी सुरुवातीचं संगीत असं धावतं की विमानतळावर उशीर झाल्यासारखं वाटतं. मग जॉन विल्यम्सची तीन कामं ओळीने: 'द पोसायडन ॲडव्हेंचर' (1972), 'अर्थक्वेक' आणि 'द टॉवरिंग इन्फर्नो', शेवटची दोन्ही 1974 चीच. नंतर अंतराळातल्या सिनेमांनी तो जगभर पोचला ते ठीक, पण त्याआधी तो लोकांना बुडवण्यात, जाळण्यात आणि गाडण्यात हात बसवत होता.

'टॉवरिंग इन्फर्नो'ची सुरुवात तर सिस्टीम तपासायला मी कायम वापरतो. हेलिकॉप्टर सॅन फ्रान्सिस्कोकडे उडत येतंय, सुमारे पाच मिनिटं, संवाद नाहीत, ब्रास आणि स्ट्रिंग्ज एकमेकांच्या खांद्यावर चढत जातात. सबवूफर बरोबर लागला असेल तर इथे तो आहे की नाही ते कळणारच नाही. कळला म्हणजे जास्त आहे, उतरवा. त्याच सिनेमाच्या शेवटाकडे स्फोटकं पेरायचा नऊएक मिनिटांचा तुकडा आहे, एकच आकृती परत परत, दर वेळी थोडी घट्ट. तो अंधारात एकट्याने ऐका.

अल्बम घेताना एक फसगत सगळ्यांची होते. सत्तरच्या दशकातल्या साउंडट्रॅक एलपी (तबकड्या) म्हणजे सिनेमातलं संगीत असंच्या असं नव्हे. 'अर्थक्वेक'चा एलपी विल्यम्सने अल्बमसाठी वेगळा रेकॉर्ड केला, क्रम बदलला, गाडीत ऐकायला बरं वाटेल असा केला, आणि वर भूकंपाचा साउंड इफेक्टही तबकडीवर घातला. मजेशीर वस्तू आहे. पण सिनेमातले मूळ टेक पाहिजेत तर नंतरच्या आर्काइव्ह सीडी बघा, 'पोसायडन' 1998 मध्ये आणि 'इन्फर्नो' 2001 मध्ये फिल्म स्कोअर मंथली या मासिकाने काढल्या होत्या, आणि ला-ला लँड रेकॉर्ड्सने 2019 मध्ये विल्यम्सच्या या तिन्ही आपत्तीपटांचा चार सीडींचा संच काढला. मर्यादित प्रती, मिळाला तर सोडू नका.

गाण्यांची अजून गंमत. 'पोसायडन'मधलं 'द मॉर्निंग आफ्टर' रेडिओवर गाजलं ते मॉरीन मॅकगव्हर्नच्या आवाजात, 1973 मध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं, पण सिनेमात जो आवाज ऐकू येतो तो रेने आर्मांडचा. त्यामुळे "सिनेमातलं ते गाणं" म्हणून सिंगल घेतलीत तर घरी आल्यावर चेहरा पडेल. 'इन्फर्नो'त मात्र मॅकगव्हर्न स्वतः पडद्यावर येऊन गाते. दोन्ही गाणी ॲल कॅशा आणि जोएल हिर्शहॉर्न या जोडीची, दोन्हींना ऑस्कर.

लालो शिफ्रिनचं 'रोलरकोस्टर' वेगळ्या कारणासाठी ऐका. जत्रेतल्या पाळण्याचं गोड गाणं आणि त्याखाली बॉम्बवाला फिरतोय. सेन्सराउंड सिनेमात इतकं हलकंफुलकं संगीत कशाला, तर मघाशी सांगितलं तेच, वर गोड ठेवायचं म्हणजे खालचं चाक वाजलं की पोटात गोळा येतो.

एलपीवरच ऐकणार असाल तर सबवूफरबाबत सावध. तबकडी थोडी जरी वाकडी असली तरी 10 हर्ट्झच्या खाली न ऐकू येणारी हालचाल तयार होते, सबवूफरचा कोन लाटेवरच्या होडीसारखा हलताना दिसतो आणि आवाज काहीच नाही. फोनो स्टेजवर (तबकडीचा बारीक आवाज वाढवणारा भाग) सबसॉनिक किंवा रंबल फिल्टर असेल तर चालू करा. आणि टर्नटेबल सबवूफरच्या जवळ, त्याच फळीवर तर अजिबात नको, सबवूफर हलवतो, सुई ते उचलते, परत सबवूफरकडे पाठवते, आणि बघता बघता खोलीत खराखुरा भूकंप. हा प्रयोग मी केलेला आहे, तुम्ही करू नका.

ॲटमॉस वगैरे

आता घरी छतात किंवा छताकडे तोंड करून स्पीकर असतील तर हात शिवशिवतातच. ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरच्या स्पीकरांसकटची डॉल्बीची आवाजाची पद्धत, 2012 मध्ये आलं, थिएटरात 128 पर्यंत आवाजाचे ट्रॅक आणि 64 पर्यंत स्पीकर फीड, आवाज चॅनलला न बांधता जागेला बांधायचा ही त्यातली नवी गोष्ट. नव्या आपत्तीपटांना ते शोभतं, ढिगारा कुठून पडतोय ते डोक्यावर कळतं. जुन्या सिनेमाला रिसीव्हरचा अपमिक्सर (कमी चॅनलचा आवाज जास्त स्पीकरांत पसरवणारा मोड) लावून वरचे स्पीकर चालू केले तर माझ्या मते निम्म्या वेळा फजिती होते. मोनो ट्रॅकमध्ये वर पाठवण्यासारखं काही नसतंच, आणि स्टिरिओ असेल तर व्हायोलिनची गूंज छतावर जाऊन बसते, ऑर्केस्ट्रा हवेत लटकल्यासारखा. माझी पद्धत अशी, सिनेमा मूळ ट्रॅकवर असेल तर वरचे बंद, 5.1 रीमिक्स असेल तर वरचे चालू पण 3 डीबी उतरवून, आणि नुसता अल्बम ऐकताना सरळ स्टिरिओ, त्यात सबवूफर फक्त 60 च्या खाली. तुमचं जमत असेल तर वेगळं करा, पण एकदा डोळे मिटून दोन्ही ऐका आणि मग ठरवा.

हेडफोनवाल्यांसाठी एवढंच: संगीत फार छान ऐकू येतं, गडगडाट येत नाही, कारण छाती हेडफोनच्या बाहेर असते. बासचा इक्वलायझर चढवून ती कसर भरून निघत नाही, फक्त कानाला त्रास.

सगळं लागलं की पहिल्या दिवशी 'अर्थक्वेक' सुरुवातीपासूनच लावा, थेट भूकंपावर उडी मारू नका. आधीची पाऊण-एक तासाची माणसांची भानगड कंटाळवाणी वाटेल, घटस्फोट, भांडणं, ऑफिस, तरी बसा, मध्ये आवाज वाढवू नका. मधला एक छोटा हादरा येईल तेव्हा फेल्ट कुठे लावायचं राहिलं ते कळेल, तिथे पॉज करून लावून घ्या. आणि मोठा धक्का येईल त्या वेळी घरातल्या कुणालातरी बाहेर उभं करा, दार लावून, शेजारच्या भिंतीपाशी. तिथे काय ऐकू येतं ते त्यांनी येऊन सांगितलं की सबवूफर 2 डीबी उतरवायचा की नाही ते ठरतं. आमच्याकडे 4 उतरवावा लागला.